पत्ता नसलेला निरोप

कुणी मला म्हटलं, "मॅडम, फक्त ह्या चार साइट चालू ठेवा, बाकी सगळं बंद करून टाका," की मी अजूनही लगेच हो म्हणत नाही. सांगणाऱ्याला ते एका वाक्याचं काम वाटतं. मला मात्र लगेच दुसरंच दिसायला लागतं. त्या इमारतीत भिंतीला चिकटून, पत्र्याच्या डब्यात, धुळीत, काय काय बसलेलं असेल, जे बाहेर कुणाशी तरी बोलतं आणि ज्याला पडदा, म्हणजे स्क्रीन, नाही? मी वही काढते आणि फिरायला लागते. मालक वैतागतो. "एवढ्याशा कामाला अख्खा दिवस?" हो, अख्खा दिवस. थकायला होतं, पण घाई आता मी करत नाही.

माझं काम फायरवॉलचं. कारखान्यात, कॉलेजात, दवाखान्यात इंटरनेटची तार आत येते तिथं जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी बसवतात. आतून बाहेर आणि बाहेरून आत जे जातं ते सगळं त्या पेटीतून जातं. कुणाला सोडायचं, कुणाला अडवायचं, हे पेटीला नियम लिहून सांगावं लागतं. ते नियम मी लिहिते. एकाखाली एक. पेटी वरून खाली वाचत येते. जो पहिला नियम लागू पडेल तो चालवते आणि थांबते. एकही लागू पडला नाही तर सगळ्यात खालचा नियम चालतो. तो काय असावा हे ज्याच्या त्याच्या गरजेवर असतं. कुठं "सोडा", कुठं "अडवा".

इकडं गोंदियाकडं जंगलातल्या रस्त्यांवर नाके असतात. लाकडाचा ट्रक आला की नाकेदार कागद मागतो, कुठून आला, कुठं चालला ते वाचतो. समजा, नाकेदाराच्या हातात गावांच्या नावांची यादी दिली आणि सांगितलं, ह्या गावांना जाणाऱ्यालाच सोड. ट्रकवाल्याकडं कागद आहे, कागदावर गावाचं नाव आहे, काम सोपं. पण डोक्यावर मोळी घेतलेला एखादा माणूस पायवाटेनं आला, त्याच्याकडं कागदच नाही, तर नाकेदार यादीत काय शोधणार? साइटची यादी म्हणजे ही गावांची यादी. तिला आमच्याकडं यूआरएल फिल्टर म्हणतात. मोबाइलवर, कॉम्प्युटरवर आपण साइट उघडतो तेव्हा तिचं नाव सोबत जातं, पेटी ते वाचते. पण इंटरनेटवरनं जाणारं सगळंच काही साइट उघडत नसतं. कितीतरी यंत्रं आपली मुकाट्यानं कुठल्याशा एका नंबरला दोन आकडे कळवतात आणि गप्प बसतात. त्यांच्याकडं नाव नसतं. यादीपुढं ती उभी राहिली की पेटीच्या लेखी ती यादीत नाहीतच.

हे आता मी असं सहज सांगते. शिकले मात्र दुसऱ्या एका माणसानं किंमत मोजल्यावर.

मी मूळची आटपाडीकडची. नववीत असताना आई अंथरुणाला खिळली आणि माझी शाळा सुटली, ती सुटलीच. लग्न झालं, नवऱ्याला ठेकेदारामार्फत गोंदियात काम लागलं, आणि मी ह्या धानाच्या आणि तळ्यांच्या मुलखात आले. गावाकडं पावसाची वाट बघण्यात आयुष्य गेलं होतं. इथं जिकडं बघावं तिकडं पाणी. पहिलं वर्ष मी कुणाशी बोललेच नाही म्हटलं तरी चालेल. बाजारात हिंदी, शेजारी झाडीबोली, दोन्हींत मी मुकी.

हेमराजभाऊंचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. मी तिथं झाडलोट करायला आणि फोन उचलायला लागले. फोनवर लोक अडचण सांगत, ती मी वहीत लिहून ठेवी, इंग्रजी शब्द ऐकू येतील तसे देवनागरीत. एके दिवशी भाऊंनी ती वही चाळली आणि म्हणाले, "अवं, हे त तू अर्धं निदान करूनच ठेवून राहिली. चल, बस इथं." बस्स, तिथून सुरू झालं. भाऊ कधी ओरडले नाहीत. चुकलं की पुसून टाकायला लावत आणि परत पहिल्यापासून करायला लावत. जे काही मी आज आहे ते त्यांच्यामुळं. गिऱ्हाइकं मला इंजिनीअर समजत. नाही असं मी कुणाला सांगितलं नाही, हो असंही नाही. पण कुणी कार्ड मागितलं, कुठल्या कॉलेजच्या विचारलं, की मी विषय बदलायची.

ज्या मिलमध्ये मी हे शिकले, तिच्या आधी एक गंमत झाली होती. ती गंमत नव्हती, इशारा होता, हे नंतर कळलं.

एका खासगी नर्सिंग कॉलेजच्या प्राचार्या मॅडमनी बोलावलं. ऑफिसात गेम फार चालतात, बंद करा. त्यांच्या पेटीत मी गेमवाल्या साइटची मोठी यादी टाकली, "अडवा" असा नियम केला, खाली बाकी सगळं "सोडा". त्यांच्यासमोर दोन-तीन साइट उघडून दाखवल्या, पाटी आली: बंद आहे. मॅडम खूश. आठ दिवसांनी फोन.

"तुम्ही बंद केलं म्हणालात ना? मग आमचे बाबू रोज चार वाजता कुणाला मारताहेत?"

गेले तर खरंच, चहाच्या वेळी हेडक्लार्क, पन्नाशीचे, मोबाइल आडवा धरून बंदुका झाडत होते. मला बघून ते हसले. "ताई, तुमी कायले टेन्शन घेता? आमी त रोज खेळून राहिलो."

"पण साइट तर बंद आहे."

"साइट कोन उघडते? गेम त मोबाइलातच हाय. थो सरळ जाते."

सरळ जाते. तेच तर होतं. त्यांचा गेम साइटचं नाव न घेता थेट आपल्या नंबरशी बोलत होता. माझ्या "अडवा" नियमाला तो सापडत नव्हता, खालच्या "सोडा"तून सुखरूप निघून जात होता. मी गेमसाठी वेगळा नियम लिहिला. बाबू नाराज झाले, मॅडम खूश झाल्या, आणि मी वहीत लिहिलं: यादीनं जे बंद करायचं ते कधी कधी सुटतं. एवढंच लिहिलं. हेच उलटंही होऊ शकतं, जे सोडायचं ते अडकू शकतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. त्या ओळीच्या खाली अजून एक ओळ लिहायला जागा होती. ती मी लिहिली नाही.

मिल धानाची. गोंदियाभोवती मिलांना काही तोटा नाही, त्यातलीच एक मोठी. मालकाला सगळे शेठजी म्हणत. शेठजी माणूस वाईट नाही, पण त्यांना प्रत्येक गोष्ट काल व्हायला हवी असते. दिवाळीची साफसफाई चालू होती, मिल बंद होती, तेव्हा त्यांनी मला बोलावलं.

"मॅडम, ये लोग दिनभर रील देखते हैं. मेरे ही इंटरनेट पे. सब बंद करो. फक्त बँक, जीएसटी, मेल आणि मशीनवाल्यांच्या साइट. बस."

मी कोणकोणती मशीनं आहेत ते विचारलं. मुनीमजींनी एक फाइल आणून दिली. त्यात प्रत्येक मशीनच्या कंपनीचं पत्रक होतं. ड्रायरच्या मीटरचंही होतं.

हा ड्रायर म्हणजे काय ते सांगायला हवं. मळणीनंतर धान ओलं असतं. तसंच भरडलं तर बिघडतं. म्हणून एका उंच लोखंडी कोठीत ते भरतात आणि तुसावर पेटवलेल्या भट्टीची गरम हवा त्यातून सोडतात. कमी सुकलं तर बुरशी धरते, जास्त सुकलं तर भरडताना दाणा फुटतो आणि तांदळाऐवजी कनकी पडते. नेमकं कधी थांबायचं ह्यातच सगळं कसब. मिलमध्ये हे कसब तुळाराम नावाच्या माणसाकडं होतं. सौंदडकडचा, गोंड समाजातला, पंचेचाळिशीचा. तो ड्रायरची खिडकी उघडून चार दाणे काढी, एक दाताखाली धरी आणि आवाज ऐकी. दाणा कसा तुटला त्यावरनं सांगे, अजून किती वेळ.

मग शेठजींनी मीटर बसवला. मीटर आतली ओल मोजतो, ती आपल्या कंपनीला कळवतो, आणि ओल बरोबर झाली की कंपनीकडनं मिलच्या फोनवर मेसेज येतो: थांबवा. तो फोन ड्रायरवर तुळारामकडं असे. खिडकी सारखी उघडली तर गरमी निघून जाते, म्हणून शेठजींनी ड्रायरवर पाटीच लावली होती: मेसेज येईपर्यंत नमुना काढू नये.

मीटरच्या पत्रकावर कंपनीच्या साइटचं नाव मोठ्या अक्षरांत होतं. खाली बारीक अक्षरांत एक लांबलचक नंबर आणि एक पोर्ट, म्हणजे त्या नंबरचं कुठलं दार ठोठवायचं ते. मी साइटचं नाव यादीत घातलं. नंबर मला दिसला होता. मला वाटलं, नाव घातलं म्हणजे कंपनी आली, कंपनी आली म्हणजे नंबर आलाच. नियमात "कोणत्या प्रकारची वाहतूक" असा एक रकाना असतो, तिथं मी "सगळी" ठेवलं, म्हणजे काही सुटायला नको. ह्या यादीला, सगळ्या प्रकारची वाहतूक, सोडा. बाकी अडवा. एक नियम, सुटसुटीत. मला त्याचा अभिमान वाटला होता, खोटं कशाला सांगू.

मग तपासणी. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बँक उघडली, उघडली. मीटरच्या कंपनीची साइट उघडली, उघडली. रील उघडलं, पाटी आली. शेठजींनी टाळी वाजवली. ड्रायर बंद होता. त्याच्याकडं जाऊन बघायचं मला सुचलं नाही. ज्याला पडदा नाही त्याची तपासणी माझ्या तपासणीत नव्हतीच.

सोमवारी मी हे केलं. गुरुवारी हंगामातला पहिला ड्रायर भरला, बारीक धान; पुढचा सोमवारी भरायचा होता. दुपारपाळीला तुळाराम होता.

शनिवारी मी प्रिंटर बघायला मिलमध्ये गेले तेव्हा अंगणात माणसं जमली होती. मधे तुळाराम, खाली बघत. शेठजींच्या मुठीत तांदूळ होता, अर्ध्याहून अधिक तुकडे.

"ये देखो. पूरा माल कनकी! किती वेळ चालू ठेवला?"

"मेसेज आलाच नाई शेठजी."

"मशीन झूठ बोलती है? तू सोया था."

"झोपलो नवतो, बाप्पा. मी फोन धरून बसून राहिलो. तुमीच सांगतलं, मेसेज आल्याबिगर खिडकी उघडाची नाई."

हमालांतला कुणीतरी हसला. "फोन धरून का उशाले घेऊन गा?" बाकीचेही हसले. तुळाराम हसला नाही.

शेठजींची नजर माझ्याकडं गेली. "मॅडम, आ गईं, अच्छा हुआ. सांगा बघू, मीटर चालू होता ना? तुमच्या पेटीत सब दिखता है ना?"

मी ऑफिसात जाऊन पेटीची नोंदवही उघडली. लॉग म्हणतात त्याला. कोण कुठं गेलं, कुठला नियम लागला, सोडलं की अडवलं, सगळं ओळीनं असतं. गुरुवारच्या दुपारी लाल ओळी होत्या. ड्रायरच्या मीटरकडनं, दर दोन मिनिटांनी एक. अडवलं. अडवलं. अडवलं. मी खाली सरकवत राहिले, त्या संपतच नव्हत्या. प्रत्येक ओळीत साइटच्या पत्त्याचा रकाना होता, आणि प्रत्येक ओळीत तो रिकामा होता. मीटर नाव घेतच नव्हता. तो बारीक अक्षरांतल्या त्या नंबरला हाका मारत होता, आणि माझ्या सुटसुटीत नियमाला तो ओळखू येत नव्हता.

मला सगळं कळलं, त्याच क्षणी. आणि मी बाहेर येऊन म्हणाले, "बघून सांगते."

एवढंच म्हणाले मी. तुळारामनं वर बघितलं. त्याला वाटलं असेल, ही बाई खरंच बघतेय.

घरी न जाता मी आधी नियम नीट केला. मीटरसाठी वेगळा नियम, सगळ्यात वर: ह्या मशीनकडनं, त्या एका नंबरला, त्या एका दारानं, सोडा. त्याला साइटची यादी लावलीच नाही. पाच मिनिटांचं काम. मनाशी म्हटलं, आता मेसेज येईल, सगळं शांत होईल, मग सवडीनं सांगू.

सोमवारी शेठजींचा फोन आला, खुशीतला. "मॅडम, मीटर एकदम बराबर. आज दो बार मैसेज आया, टाइम पे. मतलब मशीन ठीक थी. झूठ तो वही बोल रहा था. निकाल दिया उसको."

मी चोरून केलेली दुरुस्ती तुळारामवरच उलटली होती. मी काहीच केलं नसतं, तर सोमवारीही मेसेज आला नसता आणि तो खोटा ठरला नसता. आपली भीती किती साधी होती! हे काम गेलं तर दुसरं कुणी देणार नाही, नववीवालीला कोण देणार. तेवढ्यासाठी एक माणूस घरी गेला होता.

दोन दिवस मी गप्प काढले. बुधवारी हेमराजभाऊंना सांगितलं. मिल हे दुकानाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. मला वाटलं, ते म्हणतील, आता झालं ते झालं. भाऊंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"लॉग काढलास का कागदावर?"

"नाही."

"किती दिवसाचा राहते त्या पेटीत?"

"सात."

भाऊंनी बोटांवर मोजलं. "गुरुवार. म्हंजे उद्या पुसून जाईल. अवं, काऊन बसून राहिली इथं? ऊठ!"

मी गेले. मिलमध्ये प्रिंटर मी शनिवारीच नीट करून दिला होता, त्याच्यावरच त्या लाल ओळी छापल्या. नऊ पानं. ती घेऊन शेठजींसमोर उभी राहिले आणि बोलायला लागले, तर वाक्यं अडखळायला लागली. तेव्हा मी नाक्याची गोष्ट सांगितली, ती पहिल्यांदा तिथंच सुचली. शेठजींनी ऐकून घेतलं.

"मतलब मैसेज तुमने रोका?"

"हो. चुकून. पण मीच."

"और ये बात तुमको शनिवार को पता थी?"

"हो."

त्यांनी पानं उलटली. मग म्हणाले, "फिर भी. मैसेज नहीं आया तो आदमी को अकल नहीं है? खिड़की खोलके देख लेता."

"शेठजी, पाटी तुमचीच आहे."

हे माझ्या तोंडून कसं गेलं मला माहीत नाही. मुनीमजींनी मान खाली घातली. शेठजी खिडकीतनं ड्रायरकडं बघत राहिले. शेवटी म्हणाले, "बुला लो उसको. लेकिन तुम बुलाओगी. मैं नहीं."

तुळारामचा फोन बंद होता. गुरुवारी सकाळच्या पॅसेंजरनं मी सौंदडला उतरले, तिथनं विचारत विचारत त्याच्या गावात. घरासमोर त्याची बायको, इमलाबाई, सुपात धान पाखडत होती. मी नाव सांगितलं, मिलमधनं आले म्हणाले. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"अजून काय राहिलं? मानूस त काढला."

"मी चूक सांगायला आले. त्यांची नव्हती. माझी होती."

सूप थांबलं. "तुमची?"

"मेसेज माझ्यामुळं अडकला."

"बाई, तुमी चांगल्या शिकलेल्या दिसता. मंग असं कसं केलं?" ती ओरडली नाही, तिला खरंच कळत नव्हतं. "शेजारीन इचारते मले, काऊन वं, तुया घरवाला मशीनवर झोपला होता म्हनते? मी काय सांगू? बोरिंगवर पाण्याले जाचं सोडलं मी. पोरगी जाते."

तुळाराम मागच्या दारानं आला. त्याचे हात मातीचे होते. मी परत सगळं सांगितलं, नाक्यासकट. तो उंबऱ्यावर बसून ऐकत होता. मधेच म्हणाला, "म्हंजे मीटर बोलून राहिला होता?"

"दर दोन मिनिटाला."

"अन् थ्याचं कोनी आयकून नाई राहिलं." तो जरा हसल्यासारखा झाला, मीटरची कीव आल्यासारखा. मग म्हणाला, "येतो मी. पन शेठच्या केबिनात नाई. जिथं मले बोलले तिथं सांगा. त्याच लोकायसमोर."

"सांगते."

"घाबरता का?"

"हो."

"मी बी घाबरलो होतो," तो म्हणाला आणि हात धुवायला गेला.

शुक्रवारी पाळी बदलताना हमाल, भट्टीवाले, पोती शिवणाऱ्या बाया, सगळी अंगणात होती. शेठजी ऑफिसच्या पायरीवर उभे राहिले, खाली उतरले नाहीत. मी त्यातल्या त्यात मोठ्यानं सांगितलं. मीटर चालू होता. त्याचा निरोप निघाला होता. मी लिहिलेल्या नियमानं तो अडवला. तुळाराम जागे होते. आणि मला हे शनिवारीच कळलं होतं, तरी मी इथं उभी राहून "बघून सांगते" म्हणाले. हे शेवटचं वाक्य मी ठरवलं नव्हतं, पण ते सोडलं तर बाकीचं खोटं झालं असतं.

एक पोती शिवणारी म्हणाली, "कितवी शिकल्या बाई?"

"नववी. तीही पुरी नाही."

"अगं माय," ती म्हणाली, आणि काय कोण जाणे, दोघीतिघी हसल्या. वाईट नव्हतं ते हसणं. फोन उशाला घेण्याचं बोलणारा हमाल तुळारामजवळ गेला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पोत्यांकडं गेला.

शेठजी म्हणाले, "हो गया? चलो फिर, ड्रायर भरा पड़ा है."

तुळाराम हलला नाही. "मॅडम, थे कागद कुटी हाय?"

नऊ पानं माझ्या पिशवीत होती. त्यानं ती घेतली, उलटसुलट बघितली. इंग्रजी अक्षरं, आकडे, लाल ओळी.

"ह्याच्यात माया नाव हाय का?"

"नाही. मीटरचा नंबर आहे."

"मंग हे मी घरी कोनाले दाखवू? नंबरले कोन ओळखते गावात?"

मी पहिलं पान पोत्याच्या थप्पीवर ठेवलं आणि वरच्या कोऱ्या जागेत मराठीत लिहिलं: मागच्या गुरुवारी दुपारपाळीला ड्रायरवर तुळाराम जागे होते. मीटरचा निरोप येत होता, तो माझ्या नियमामुळं अडला. चूक माझी आहे.

"वाचून दाखवा."

मी वाचून दाखवलं. तो ऐकत असताना डोळे मिटून होता.

"आता सही करा. पुरं नाव लिवा, बापाचं, आडनावाचं."

इतकी वर्षं मी पेट्यांमधे नियम लिहिले. शेकडो असतील. त्यातल्या एकावरही कुणाची सही नसते, मागायला कुणी येत नाही, पेटी फक्त चालवते. मी पुरं नाव लिहिलं. माहेरचं आडनाव लिहू की सासरचं, असा एक क्षण गेला, मग दोन्ही लिहिली.

तुळारामनं पानाची नीट घडी घातली, बाकीची आठ मला परत दिली. शेठजी पायरीवरनं म्हणाले, "अरे भाई, ड्रायर!"

"उद्या, शेठजी," तुळाराम म्हणाला. "सकाळपाळीले येतो. आज हे घरी नेतो."

आणि तो कागद खिशात घालून फाटकाबाहेर पडला. दुपारची गाडी त्याला मिळणार होती.